उतार हाय, पण टिकतोय का?

मगदूम मॅडमना मी पहिल्यांदा नीट पाहिलं ते संस्थेच्या सभेत डबा उघडताना.

मी साताऱ्याहून नुकताच या कॉलेजात मराठी शिकवायला आलो होतो. कॉलेज वाळवा तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्हाला ते आसपासच्या कुठल्याही कॉलेजासारखंच वाटेल. संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब बोलत होते. दादासाहेब बोलायला लागले की आमचा प्राध्यापकवर्ग एक खास चेहरा करून बसायचा. त्यात कौतुक असायचं, थोडी चिंता असायची आणि झोप आतल्या बाजूला असायची. दुपारी सुरू झालेलं भाषण शेतकऱ्याच्या मुलाचं भवितव्य, संस्थेची नवी इमारत आणि दादासाहेबांचं बालपण अशी वळणं घेत पुढे चाललं होतं. खिडकीबाहेर ऊन उसाच्या तुऱ्यांवर आलं होतं. एवढ्यात पहिल्या रांगेत स्टीलच्या डब्याचं झाकण टक्कन वाजलं.

इरकली साडी नेसलेल्या, चष्मा गळ्यातल्या दोरीला लटकावलेल्या एक उंच बाई मांडीवर डबा ठेवून ज्वारीची भाकरी मोडत होत्या. दोडक्याच्या भाजीचा वास आमच्यापर्यंत आला.

दादासाहेब थांबले. "मॅडम, भूक लागली काय?"

"भूक न्हाई, दादासाहेब. दिवस मावळाया आला. आमच्यात मावळल्यावर जेवत न्हाईत. तुमचं चालू द्या, ऐकतीय मी."

आणि त्या खरंच ऐकत होत्या. घास चावत, मान हलवत, एखाद्या विद्यार्थ्याचं उत्तर ऐकावं तसं. दादासाहेबांचं भाषण त्यानंतर लवकरच आटोपलं. तेव्हापासून प्राचार्य सभेची वेळ ठरवताना पंचांगात सूर्यास्त बघायला लागले. स्टाफला वेळेवर घरी सोडणारी दुसरी कुठलीही सुधारणा आमच्या संस्थेत झालेली मला आठवत नाही.

या सुनंदा मगदूम. आष्ट्याच्या जैन शेतकरी घरातल्या, आणि आमच्या कॉलेजातला अख्खा संख्याशास्त्र विभाग. विभाग म्हणजे सायकल स्टँडला लागून असलेली एक खोली, एक फळा आणि मॅडम. रोज आष्ट्याहून स्कूटीवर यायच्या, त्याही रस्त्याच्या मधोमध. मागे उसाचे ट्रॅक्टर हॉर्न वाजवून रडकुंडीला यायचे. मी एकदा म्हणालो, "मॅडम, जरा कडेनं चालवावं." तर म्हणाल्या, "कडेला खड्डे हायत, सातारकर. मधल्या वाटेवर चूक कमी हुती." माझं आडनाव वेगळं आहे, पण त्यांनी मला शेवटपर्यंत सातारकरच म्हटलं.

कुणीही कसलाही दावा केला की बाईंचा एकच प्रश्न ठरलेला असायचा: "काहीच नसतं, तरी असं दिसलं असतं का?"

स्टाफरूममध्ये कुणी म्हणालं, आमच्याकडे अमुक महाराज येऊन गेले आणि म्हशीचं दूध वाढलं, की चष्मा डोळ्यांवर चढायचा. महाराज आले नसते तर वाढलंच नसतं का? मधल्या काळात पेंड बदलली का? गाभण कवा हुती? सांगणाऱ्याला वाटायचं बाई चेष्टा करताहेत. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं, आणि समोरच्याला नेमकी तीच गोष्ट सहन व्हायची नाही.

गणिताशी माझं शाळेपासून वाकडं. पण एकदा त्यांच्या खोलीशेजारून जाताना आतून मोठ्यानं हसणं ऐकू आलं म्हणून दारात थांबलो. बाईंनी मुलांना दोन आकडे विचारले होते: रोज मोबाईल किती तास बघता आणि गेल्या परीक्षेत मार्क किती पडले. प्रत्येक मुलाचा एक ठिपका फळ्यावर काढला होता. ठिपक्यांमधून एक रेघ ओढली होती आणि ती उजवीकडे खाली घसरत गेली होती. मोबाईल वाढला, मार्क घसरले.

"कळवायचं का घरी?" बाईंनी विचारलं.

"नको मॅडम!" वर्ग ओरडला.

"मग बघू, रेघ खरं बोलती का."

त्यांनी सगळ्यांचे मार्क चिठ्ठ्यांवर लिहून घेतले, जेवणाच्या रिकाम्या डब्यात टाकले, झाकण लावून खळखळ हलवले आणि ज्याच्या हाताला जी येईल ती चिठ्ठी त्याला दिली. आता वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीच्या वाट्याला नापासाचे मार्क आले आणि मागच्या बाकावरच्या एका गड्याला पहिला नंबर मिळाला. सगळ्यात मोठ्यानं तोच हसला. पुन्हा ठिपके, पुन्हा रेघ. ही रेघही थोडी घसरलीच. पुन्हा डबा हलवला. या वेळी रेघ वर गेली. परत हलवला, परत घसरली, आणि पहिल्या रेघेपेक्षाही जास्त घसरली.

"आता सांगा," बाई खडू झटकत म्हणाल्या. "कुणाचा मोबाईल कुणाच्या मार्कांना जोडलाय. म्हणजे संबंध काही नाही. तरी उतार पडतोच की नाही? ठिपके म्हटले की रेघ कुठल्यातरी बाजूला कलणारच. कललेली रेघ बघून नाचायचं नसतं. आपली खरी रेघ या खोट्या रेघांच्या गर्दीतून उठून दिसती का, ते बघायचं. दिसली तर म्हणायचं, उतार टिकला. न्हाई दिसली तर गप बसायचं."

पद्धत अशी: उतार काढायचा. तो किती डळमळतो, म्हणजे दुसरे ठिपके घेतले असते तर किती हलला असता, तेही काढायचं. मग उताराला त्या डळमळीनं भागायचं. डळमळीच्या मानानं उतार चांगला मोठा असेल तर तो टिकला. पुस्तकात या डळमळीला प्रमाण त्रुटी म्हणतात. बाई म्हणायच्या, परीक्षेत प्रमाण त्रुटी लिहा, पण डोक्यात डळमळच ठेवा. 'त्रुटी' म्हटलं की माणूस माफी मागायला लागतो. 'डळमळ' म्हटलं की आधार शोधतो.

त्यांच्याकडे बाहेरगावचे लोकही यायचे. सांगलीहून एक पीएच.डी. करणारे गृहस्थ पेढे घेऊन आले होते. त्यांच्या उताराची डळमळ चालेल त्यापेक्षा किंचित जास्त भरत होती. "मॅडम, एवढंसंच राहिलंय. जरा खाली आणता आलं तर..."

"ही काय कापडदुकानाची पावती हाय का, घासाघीस करून खाली आणायला?" बाई म्हणाल्या. पेढे मात्र ठेवून घेतले. गृहस्थ गेल्यावर म्हणाल्या, "पेढ्याचा काय दोष?"

बाईंचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे छत्तीस गुणांचा. रसायनशास्त्राचे शिंदे सर हा अत्यंत भिडस्त माणूस. त्यांच्या मुलीनं स्वतःच एक मुलगा पसंत केला होता. मुलगा सैन्यात, घर शिराळ्याचं, सगळं चांगलं. पण पत्रिका जुळवायला दिली आमच्या भौतिकशास्त्राच्या पवार सरांकडे. पवार सर वर्गात न्यूटन शिकवायचे आणि स्टाफरूममध्ये शनी. त्यांनी गुण मोजले, ते फार कमी भरले, आणि "माझ्या मुलीसाठी मी तरी धाडस केलं नसतं" असं म्हणून त्यांनी पत्रिका परत दिली. शिंदे सर चहाच्या कपाकडे बघत बसले. घरी मुलगी जेवत नव्हती.

बाईंनी डबा बाजूला सारला. "पवार सर, गुण जास्त म्हणजे संसार सुखाचा, असं म्हणणं हाय न्हवं?"

"हजारो वर्षांचा अनुभव आहे, मॅडम."

"झकास. इथं बसलेल्या सगळ्यांची लग्नं पत्रिका बघूनच झाल्यात. प्रत्येकानं चिठ्ठीवर दोन आकडे लिहायचे. आपले गुण किती जुळले हुते, आणि महिन्यातनं घरात भांडण किती वेळा हुतं. नाव घालायचं न्हाई."

सगळे परीक्षेच्या हॉलमध्ये बसावं तसे चिठ्ठीवर आडवा हात धरून बसले. काहींनी गुण विचारायला घरी फोन केले. बायकोनं विचारलं, आज एकदम गुण कशाला पाहिजेत? तिथेच एकदोघांचा भांडणांचा आकडा वाढला. ग्रंथपालांनी भांडणाच्या जागी 'चालूच' असं लिहिलं. ती चिठ्ठी बाईंनी बाद केली.

ठिपके मांडले. रेघ ओढली. रेघ किंचित खाली झुकत होती: गुण जास्त, भांडणं थोडी कमी. पवार सर उठून उभे राहिले. "बघा! उतार आहे! शास्त्र खोटं बोलत नाही!"

"उतार हाय ओ," बाई आकडेमोड करत म्हणाल्या, "पण टिकतोय का?" थोड्या वेळानं त्यांनी पेन खाली ठेवलं. "न्हाई टिकत. उतार हाय करंगळीएवढा आणि डळमळ हाय हातभर. चिठ्ठ्या डब्यात घालून हलवल्या तरी असली रेघ सहज पडंल."

मग त्या शिंदे सरांकडे वळल्या. आवाज एकदम खाली आला. "सर, गुणांचा काहीच संबंध नसतो, असं मी म्हणत न्हाई. एवढ्या ठिपक्यांवरनं मला तसं म्हणता येणार न्हाई. पण संबंध हाय असं म्हणाया ह्या खोलीत तरी काही सापडलं न्हाई. आणि जे सापडलंच न्हाई, त्याच्यापायी पोरगी उपाशी ठेवायची का, ते तुमी ठरवा."

लग्न झालं. जेवणाच्या पंगतीत पवार सर म्हणाले, "मुहूर्त मी काढून दिला म्हणून निभावलं." बाई पुरी तोडत म्हणाल्या, "असंल बी."

हे सगळं हसण्यावारी जात होतं, कारण तोवर बाईंनी कुणाच्या धंद्यावर रेघ ओढली नव्हती.

दादासाहेबांचे पुतणे रणधीर यांनी उसासाठी एक टॉनिक बाजारात आणायचं ठरवलं. नाव 'गोडबहार'. हिरवं पाणी, हिरवी बाटली, वर मिशीला पीळ भरणारा शेतकरी. विज्ञानाचा आधार आहे असं छापायचं होतं, आणि विज्ञान घरच्याच संस्थेत पगारावर होतं. तेव्हा काम मगदूम मॅडमकडे आलं. आदल्या हंगामात बाटल्या शेतकऱ्यांना वापरून बघायला वाटल्या होत्या. कुणी एकरी किती बाटल्या फवारल्या आणि एकरी किती टन ऊस निघाला, ही माहिती गावोगाव फिरून मुलांनी गोळा केली. आष्टा, शिराळा, इस्लामपूरच्या आसपासच्या शेतांचे ठिपके बाईंच्या फळ्यावर आले. रेघ वर चालली होती.

निकाल ऐकायला आमची सभा बसली. इतिवृत्त लिहायला मी होतो; मराठीच्या प्राध्यापकाचा बाकी उपयोग काय?

"मॅडम, उतार किती आला?" दादासाहेबांनी प्रसन्नपणे विचारलं.

"उतार आलाय, दादासाहेब. वरच्या बाजूला."

"वर चाललाय तर त्याला उतार का म्हणायचं?" रणधीर म्हणाले. "लोकांना वाटंल ऊस उतरला. चढ म्हणा चढ."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो की भाषेच्या दृष्टीनं चढ चालेल. दादासाहेबांनी मान डोलावली. त्या दिवशी संस्थेत एकमतानं ठरलेली ही एकच शास्त्रीय गोष्ट.

"चढ म्हणा न्हाईतर उतार म्हणा," बाई म्हणाल्या, "टिकत न्हाई. डळमळ त्याच्याएवढीच हाय. आणि दुसरं. ह्या उजव्या टोकाला, सगळ्यात वर एक ठिपका हाय बघा. सगळे ठिपके खाली घोळक्यात हायत आणि हा एकटाच आभाळात. त्याच्यामुळं रेघ वर गेलीय. तो काढला तर रेघ आडवी."

"कुणाचा ठिपका हाय तो?"

"तुमचा, दादासाहेब. तुमचा मळा."

बाईंनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"तुमच्या मळ्याला ठिबक हाय, कारखान्याच्या मळीचं खत हाय, पैशाला हात सैल हाय, आणि राखणीला माणसं हायत. बाटल्याबी सगळ्यात जास्त तुमीच वापरल्या. मग ऊस कशानं वाढला, ते त्या ठिपक्याला विचारून कळणार न्हाई. अख्खी रेघ एका ठिपक्याला लटकून वर जाया लागली, तर ती रेघ धरायची नसती."

बाईंनी हे शेताबद्दल सांगितलं. प्राचार्यांनी ते संस्थेबद्दल ऐकलं. ते घाईघाईनं म्हणाले, "मॅडम, आपण जरा सकारात्मक विचार करूया."

"आवं मॅडम," दादासाहेबांचा आवाज अजून गोडच होता, "आमी शेतकरी माणसं. आमाला एवढंच कळतं, रेघ वर चाललीय का खाली. वर चाललीय न्हवं? मग झालं की. लोकशाही हाय. सभेला विचारू."

आणि सभेला विचारलं गेलं. सूचक प्राचार्य, अनुमोदक पवार सर. ठराव असा: 'गोडबहारमुळे उसाच्या उत्पादनात दिसून आलेला चढ अर्थपूर्ण आहे, असे ही सभा जाहीर करते.' हात वर झाले. शिंदे सरांचा हात टेबलाच्या कडेपर्यंत आला होता. शेवटी तो वर आलाच नाही. त्या भिडस्त माणसाच्या आयुष्यातलं ते बंड असावं.

बाई उभ्या राहिल्या. "माझी एक उपसूचना हाय. आता मतदान सुरूच हाय तर गुरुत्वाकर्षणावरबी घेऊन टाका. पवार सर हायतच. न्हाई मंजूर झालं तर नव्या इमारतीचा खर्च वाचंल, स्लॅब आपसूक वर ऱ्हाईल."

मी खाली मान घालून लिहीत होतो.

"आणि सातारकर, माझा विरोध नोंदवा. कारण लिहा: या परीक्षेत आधी स्वातंत्र्याचे अंश मोजावे लागतात. ह्या सभेत ते शून्य भरलेत."

स्वातंत्र्याचे अंश ही खरोखरच त्या विषयातली संज्ञा आहे, हे मला नंतर कळलं. मी शब्द न शब्द लिहिला. दादासाहेबांनी इतिवृत्तावर न वाचता सही केली, जशी ते नेहमी करायचे.

सांगलीच्या एका कृषी प्रदर्शनात गोडबहारचं उद्घाटन ठरलं. बाईंना स्टेजवर बसायचं फर्मान निघालं. जाऊ नका, मी म्हणालो. त्या म्हणाल्या, "जाते की. माझ्या ठिपक्यांचं काय केलंय ते बघाया नको?"

स्टेजच्या मागे भलामोठा फ्लेक्स होता. त्यावर दादासाहेब, रणधीर, ऊस, आणि मधोमध लाल रंगाची एक जाड रेघ, टोकाला बाण लावून आकाशात घुसलेली. ठिपका एकही नव्हता. बाईंनी फ्लेक्सवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, खाली बारीक बारीक डाग पडलं व्हतं, लय घाण दिसत व्हतं. मी साफ करून दिलं." बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्याएवढं प्रामाणिक उत्तर मला अजून कुणी दिलं न्हाई रं बाबा."

भाषणं झाली. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या माईकसमोर जातात न जातात तोच मांडवातून एक म्हातारा शेतकरी उठला. डोक्याला पटका, अंगात मिलिटरीचा जुना स्वेटर. "बाई, मी शिराळ्याकडचा. भाषण ऱ्हाऊ द्या. म्या ह्ये घालू का नको, एवढंच सांगा."

रणधीर हसरा चेहरा धरून बसले होते.

मला वाटलं, आता बाई तोफ डागणार. पण त्यांचा स्वभाव तसा नव्हता. त्यांना जेवढं माहीत असायचं तेवढंच त्या बोलायच्या, पैभर जास्त नाही. त्या म्हणाल्या, "मामा, फायदा होतो असं म्हणाया माझ्याकडं पुरावा न्हाई. फायदा होत न्हाई, असंबी मला म्हणता येत न्हाई. माझ्या शेतात मी घालणार न्हाई. तुमचं तुमी बघा." आणि खाली बसल्या.

मी मनात म्हटलं, वाचलो. खरं बोलल्या आणि भांडणही झालं नाही.

पुढच्या आठवड्यात आष्टा नाक्यावर, कारखान्याच्या रस्त्यावर, एसटी स्टँडसमोर नवे फ्लेक्स लागले. बाईंचा फोटो, हात जोडलेला. खाली ठळक अक्षरात: 'गोडबहारचा फायदा होत नाही, असे म्हणता येत नाही! – प्रा. सुनंदा मगदूम, संख्याशास्त्र विभागप्रमुख.'

बाईंना इतकं हतबल झालेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. स्कूटी फ्लेक्सखाली उभी करून त्या स्वतःच्याच फोटोकडे बघत होत्या. वाक्य त्यांचंच होतं. त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. मागून एक ओळखीचा दुकानदार म्हणाला, "मॅडम, तुमच्या नावावर लय माल खपतोय बघा." बाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला आणि परत तेच वाक्य वाचलं, एखाद्या पेपरात चूक शोधावी तसं.

त्या दिवशी डबा तसाच राहिला. संध्याकाळी खोलीला कुलूप लावताना म्हणाल्या, "सातारकर, आयुष्यभर पोरांना शिकवलं, पुरावा न्हाई म्हणजे न्हाईच असं समजू नका. आणि लोकांनी ऐकलं काय? पुरावा न्हाई म्हणजे असंल. चूक त्यांची न्हाई. मी नुसतं न्हाई न्हाई म्हणत बसले. कुणीतरी रानात नीट प्रयोग करून बघाया पाहिजे हुता."

पुढच्या वर्षी संख्याशास्त्र विभाग बंद झाला. विद्यार्थी कमी आहेत, हे कारण. ते खरंही होतं. विद्यार्थी दर वर्षीच कमी असायचे. बाईंना निवृत्तीला थोडा अवधी होता. तेवढ्यापुरतं मुलींच्या वसतिगृहाच्या मेसवर देखरेख ठेवायचं काम त्यांना दिलं. महिन्याभरात मेसच्या वरणाची पातळी सुधारली आणि ठेकेदारानं काम सोडलं. सायकल स्टँडशेजारच्या त्या खोलीत गोडबहारचे रिकामे खोके ठेवायला लागले.

निवृत्त झाल्यावर बाई आष्ट्यातच राहिल्या आणि धाकट्या भावाच्या मागे लागून त्यांनी घरच्या शेतात प्रयोग मांडला. उसाचे पट्टे पाडले. प्रत्येक पट्ट्याला बाटली द्यायची की नुसतं पाणी, ते नाणं उडवून ठरवलं. पाणी, खत, मशागत सगळ्यांना सारखं. भाऊ म्हणायचा, "अक्का, हिरीजवळचा पट्टा चांगला हाय, त्याला बाटली दिऊया, जोमानं येईल." बाई म्हणायच्या, "तेवढ्यासाठीच तर नाणं हाय. तुझ्या मनानं न्हाई आणि माझ्याबी मनानं न्हाई." बाटल्या दुकानातून विकत आणल्या. दुकानदार खूश झाला. म्हणाला, बघा, मॅडम स्वतः वापरतात.

ऊस तुटला, प्रत्येक पट्टा वेगळा वजन झाला. बाईंनी हिशेब केला आणि गावच्या ग्रामपंचायतीबाहेरच्या फळ्यावर स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'आमच्या शेतात गोडबहारने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. पडला असलाच तर बाटलीची किंमत भरून निघेल एवढा नक्की नाही. तुम्हाला वेगळे दिसले तर येऊन सांगा.' या वेळी त्यातलं कुठलंही वाक्य उचलून फ्लेक्स करता येत नव्हता. मी फळा वाचून हसलो तर म्हणाल्या, "एकदा पोळल्यावर वाक्यबी उलटून पालटून तपासते मी."

रणधीरांनी त्याच हंगामात 'गोडबहार प्लस' काढलं. बाटली निळी होती.

मॅडम मागच्या वर्षी गेल्या. झोपेतच गेल्या, कुणाला त्रास न देता. संस्थेनं शोकसभा घेतली. दादासाहेब म्हणाले, मॅडमनी संस्थेला आणि शेतकऱ्याला आयुष्यभर अनमोल सहकार्य केलं, आपल्यासारख्या खेडुताला त्यांनी विज्ञानाची वाट दाखवली. पवार सर रडले, आणि ते रडणं खरं होतं. शिंदे सर मुलीला आणि नातीला घेऊन आले होते. दुखवट्याचा ठराव सगळ्यांनी उभं राहून मंजूर केला. मगदूम मॅडमबद्दल त्या सभागृहात एकमतानं झालेला तो पहिलाच ठराव. इतिवृत्त मीच लिहिलं. विरोध नोंदवायला कुणी नव्हतं.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्याच्या काही महिने आधी. आष्ट्याला काही कामानं गेलो होतो, म्हणून घरी डोकावलो. बाहेरच्या कट्ट्यावर बाटल्यांची रांग होती. हिरव्या, निळ्या, पिवळ्या, कुणी शेणखताची पावडर घेऊन आलेलं, कुणी मंतरलेलं पाणी. लोक आसपासच्या गावांतून यायचे, बाई त्यांना पट्टे पाडायला शिकवायच्या आणि नंतर येऊन आकडे सांगायला लावायच्या. फी काही नव्हती. चहा मात्र स्वतःचा स्वतः करून घ्यायचा.

त्या दिवशी एक तरुण शेतकरी आला होता. मोटारसायकल चालूच ठेवून त्यानं खिशातून एक बाटली काढली. "बाई, ह्येचं काय करू? लय भारी हाय म्हनत्यात."

"अर्ध्या रानाला घाल, अर्ध्याला घालू नको. कुठल्या अर्ध्याला, ते नाणं उडवून ठरीव."

तो विचारात पडला. "पर बाई, म्हंजे मुद्दाम अर्ध्या रानाचं नुकसान करायचं व्हय?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि इतक्या आनंदानं हसल्या, की जणू वर्गात एखाद्या मुलानं कधी नव्हे तो बरोबर प्रश्न विचारला असावा.

"व्हय रं," त्या म्हणाल्या. "पर कुठल्या अर्ध्याचं?"